मैलाला किती

माझ्या यंत्राला बावीसच कळा,
आणि मिनिटाला सव्वादोनशे शब्द, ही माझी भाकरी.
ऑगस्टा, मेन राज्य. मार्चमधला बर्फ, काळा पडलेला.
तळमजल्यावरच्या खोलीत
सरकारी आरोग्य योजनेच्या विधेयकावर सुनावणी:
खिडकीकडे एक पक्ष, हीटरकडे दुसरा,
मधे मी, जिला मत नाही.
असलं तरी त्याची कळ नाही.

आकडा सकाळीच आला होता.
चारशे ऐंशी कोटी डॉलर, दहा वर्षांत.
अंदाजपत्रकवाले लेविट चष्मा पुसत म्हणाले,
वीस टक्के इकडे-तिकडे धरा.
ते इकडे-तिकडे मी टिपलं.
दुसऱ्या कुणी टिपलं नाही.

मग आकडा कापायला घेतला.
हीटरकडच्यांनी घरांनी भागला:
घरटी आठ हजार, तुमच्या खिशातून!
खिडकीकडच्यांनी माणसांनी भागला, मग दिवसांनी,
भागत भागत एका कॉफीहून स्वस्त करून ठेवला.
एकाचा खर्च, दुसऱ्याची गुंतवणूक.
ड्रिंकवॉटर बाई म्हणाल्या, नातवंडांच्या माथी कर्ज मारताय.
थेरियो उठले: आणि आजाऱ्यांना नातवंडं नसतात?
नातवंडं त्या दिवशी फार राबली.
जेवणाच्या सुट्टीतही त्यांना सोडलं नाही कुणी.

सव्वातीनला साक्षीला क्लॉडेट वेलेट.
कागदगिरणी बंद पडलेल्या गावाहून
चार तास गाडी हाकत आलेली,
मांडीवर फाइल, ती शेवटपर्यंत उघडली नाही.
दोन मिनिटं. दिवा हिरवा.

म्हणाली, रोलाँच्या छातीत कळ आली.
अँब्युलन्स आली. मी त्याच्या पायाशी बसले.
अकराव्या मैलाच्या पाटीशी त्यानं मास्क बाजूला केला
आणि ड्रायव्हरला विचारलं, मैलाला किती?
पोरगेलासा ड्रायव्हर. खरंच माहीत नाही, म्हणाला.
मग यानं स्वतःच अंदाज धरला.
गिरणीत तीस वर्षं कागदाचे रोल मोजलेला माणूस,
तोंडी हिशोब पक्का.
बाराव्या मैलाला म्हणाला, वळव.

दिवा पिवळा.

तुमच्या चारशे ऐंशी कोटींत, तिनं विचारलं,
बारावा मैल कुठल्या रकान्यात आहे?

चार सेकंद कुणी बोललं नाही.
हीटर तेवढा खडखडला.
मग दोन्हीकडून एकदम, एकाच श्वासात:
बघा, आम्ही हेच तर सांगतोय!

दिवा लाल.
रोलाँचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही.
मला साक्षीदारांना प्रश्न विचारता येत नाही.

रात्री मजकूर साफ करायला बसले.
खोकला, हशा, खुर्ची सरकल्याचा आवाज,
सगळ्याला काही ना काही खूण आहे.
त्या चार सेकंदांना नाही.
मी तिथे एक ओळ कोरी सोडली.
नियमात बसत नाही. सोडली.

आठवड्यानं दुरुस्त्या आल्या.
एका बाजूला "उधळपट्टी"नंतर उद्गारचिन्ह हवं,
दुसरीला थेरियोंचे सतरा "अं" काढून हवेत.
आणि एक दुरुस्ती दोघांच्याही कागदावर,
जवळजवळ त्याच शब्दांत:
पान एकेचाळीस, रिकामी ओळ,
टंकलेखनातली चूक, गाळावी.

त्या वर्षात त्यांचं एकमत झालेलं
मी तेवढं एकदाच पाहिलं.

गाळली.

संध्याकाळी घरी निघाले.
रस्त्याकडेच्या पाट्या मी मोजत नव्हते,
पण बारावी आली तेव्हा
पाय आपला आपणच ब्रेकवर गेला.
मागच्यानं हॉर्न दिला. लांबलचक.
तोही मी मनातल्या मनात टिपला,
कुठली कळ दाबली, ते आठवत नाही.